पाच लिटर ऊन पाणी

पलूसला, आमच्या मागच्या दारात,
धुण्याच्या दगडाशेजारी
रोज सांजच्याला मी घंगाळ मांडते.
निर्गुडीचा पाला, मूठभर खडेमीठ,
आणि तान्ह्या लेकरासाठी बघावं तसं
कोपर बुडवून बघायचं: पोळत तर नाही?

अण्णा भिंतीला हात लावत येतात.
हिंदुराव पैलवान.
एकेकाळी यांच्या ढाकेची चर्चा
कुंडलपासून कडेगावपर्यंत.
आता दोन्ही गुडघे
वंगण संपलेल्या गाडीसारखे कुरकुरतात.
पाय बुडतात.
"हं," म्हणतात.
एवढंच. मग डोळे मिटून
कोकणात जातात.

जन्मात एकदाच गेले होते.
तालमीतले चौघे: मुबारक, शिदू, भूपाल आणि हे.
कोंबड्यांच्या रिकाम्या टेम्पोत,
कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट,
शिदूला तीनदा उलटी.
खाली तुरळला ऊन पाण्याचं कुंड.

"हितं आपण पाणी तापवतो," अण्णा सांगतात,
"तिथं पाणीच आपल्याला तापवतंय.
ना लाकूड, ना ग्यास, ना कुणाचं उपकार.
खालनं जमीनच चूल फुकत बसल्या."

फुटके कान, निखळून बसवलेले खांदे,
भूपालकाकांचं ते वाकडं बोट,
सगळं गळ्यापर्यंत पाण्यात.
अर्धा तास कुणी कुणाला पाडलं नाही.
जुनी कुस्ती कुणी काढली नाही.
मुबारककाका तर रडले म्हणे,
कशासाठी, त्यांनाही सांगता येईना.
वाफेचा घाम आहे,
असं चौघांनी मिळून ठरवलं.

निघताना अण्णांनी कॅन भरून घेतला,
गोडेतेलाचा, पाच लिटरचा,
आईसाठी.
टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला
झोपलेल्या पोरासारखा.
घाट चढेस्तोवर कोमट.
पाटणला गार.
कराडनंतर त्यांनी हात लावून बघायचंच सोडलं.

आईनं झाकण काढलं, वास घेतला.
"ह्या नासक्या अंड्याच्या पाण्यापायी
दोन दिवस घालवलासा व्हय?"
तापवलं मात्र तिनं, चुलीवर, मोठ्या पातेल्यात,
आणि त्यात भांडी घासली.
"चिकटा झ्याक निघतोय," म्हणाली.
पाय काही बुडवले नाहीत.

हे सांगताना अण्णा हसतात.
मीही हसत आले,
आई होती तेव्हाही,
ती गेल्यावरही.

आज द्राक्षाच्या शेडमध्ये नऊ तास उभी होते.
परदेशी जाणारा माल:
घडातला एकेक चुकार मणी
कात्रीनं हळूच वेगळा करायचा,
बाकीच्यांना कळू न देता.
कोल्ड स्टोरेजचा गारठा फरशीतून वर येतो,
टाचेत शिरतो, पोटरीत मुक्काम करतो.
बसायला स्टूल आहे एक.
त्यावर सुपरवायझरची पिशवी असते.

अण्णांनी पाय पुसले, आत गेले,
टीव्हीचा आवाज वाढला.
मी घंगाळ उचललं
रोजच्यासारखं जास्वंदीला ओतायला,
आणि परत खाली ठेवलं.
पाणी अजून ऊन होतं.

दगडावर टेकले.
एक पाय.
इकडंतिकडं बघून
दुसरा.

भेगांना मीठ झोंबलं.
मग पोटऱ्या सैल पडत गेल्या,
मग कंबर,
मग दाढेखाली सकाळपासून
घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी,
माझ्या ध्यानातही नव्हतं ते,
सुटलं.
निर्गुडीचं एक पान
घोट्याला येऊन चिकटलं, तिथंच राहिलं.
आई, एवढंच होतं गं.
एवढंसंच.

"हं," मी म्हटलं.
मोठ्यानं म्हटलं की काय कोण जाणे,
आत टीव्ही बारीक झाला.

"पोचलीस का गं?"

"न्हाई अण्णा," मी म्हटलं,
"अजून घाटात हाय."